अप्पाच्या फोनचा थाट अन् मी टाकीवर

ऊन म्हणजे कसलं ऊन होतं त्या दिवशी! वैशाखातली भर दुपार, वाऱ्याचं नाव नाही. विजेच्या खांबाची जेवढी बारीक सावली पडली होती, तेवढ्यात एक कुत्रं अंग चोरून उभं होतं. अशा उन्हात सत्तरीतला शहाणा माणूस काय करतो? गपगुमान घरात पडतो. मी काय केलं? पाण्याच्या टाकीवर चढलो!

हसू नका, आधी ऐकून तर घ्या. झालेल्या फजितीला कारण एकच, माझा जळफळाट.

निलंग्यापासून थोडं आत आमचं गाव. शेजारी शिवलिंगअप्पाचं किराणा दुकान. गेल्या साली आम्ही दोघं जोडीनं लातूरला गेलो अन् एकाच दुकानातून एकाच कंपनीचे फोन घेतले. जुळे भाऊच म्हणा. त्याचा काळा, माझा निळा. मला अक्षर वाचता येत नाही, पण आकडे कळतात, चित्रं ओळखू येतात. तेवढ्यावर फोन चालतो की!

एका सकाळी अप्पा ओट्यावर आला अन् हात जोडले.

"शरणार्थ बापू! हे बगा."

बघतो तर काय, फोनवर घड्याळ ताटाएवढं! चित्रं सगळी गोल गरगरीत. बोट लावलं की पाण्यावर तरंग उठावा तशी हलायची.

"नवा घेतला का ओ?"

"न्हाई, तोच हाय. कंपनीनं आपणहून धाडलं. अपडेट म्हणतेत त्याला. तुम्हाला न्हाई आलं?"

हा प्रश्न त्यानं किती गोड आवाजात विचारला म्हणून सांगू! वर आमची मंडळी चुलीपाशी बसून म्हणते, "अप्पाभाऊजींच्या फोनात आकडे कसे ठसठशीत दिसतेत. तुमच्यात काय दिसतंय?"

काय दिसणार? माझ्या फोनात कंपनीनं भरून दिलेले न बोलावलेले पाहुणे. एक पत्त्याचा खेळ, एक कर्ज देतो म्हणणारा, अन् फोन उघडायच्या आधी रोज एक नवी नटवी बाई. काढू म्हटलं तर एकही निघत नाही. हे सगळे माझ्या पदरात, अन् थाट सगळा अप्पाला!

एस्टी धरली अन् लातूरचं तेच दुकान गाठलं.

"मालक, निळ्या फोनवर कंपनीचा काही राग हाय का?"

दुकानदार हसला. "राग कशाचा बापू? फोनचंबी घरावानीच, सांगाडा बांधणारा वेगळा असतो. मग प्रत्येक कंपनी त्याला आपला रंग मारते, आपली दारं-खिडक्या बसवते. त्यात महिने जातेत. अन् मग टप्प्याटप्प्यानं सोडते. आज ह्याला, उद्या त्याला."

"म्हणजे आमच्या गावच्या नळावानी?"

"हाव, तसंच!" त्यानं मला फोनमधलं दातेरी चाक दाखवलं. "इथं लाल ठिपका आला की दाबायचं. पण रेंज दमदार पाहिजे. अन् मधीच बंद पडलं तर फोन गेला समजा."

तेव्हापासून मी त्या चाकाकडं असा बघत बसायचो, जसा व्यायला झालेल्या म्हशीकडं बघतो. अन् नेमका त्या दुपारी ठिपका उगवला! लालभडक!

आता दमदार रेंज आणायची कुठून? आख्ख्या गावात ती एकाच जागी, पंचायतीच्या टाकीवर. टाकी तशी बुटकी, लोखंडी जिना चांगला. छत्री घेतली, चढलो, ठिपका दाबला. गोल फिरायला लागलं. पाच टक्के.

खालून गोदाबाई रिकामी घागर घेऊन चालली होती.

"बापू! तिथं काय करायलाव?"

"बसलोय!"

"उतरा की ओ, ऊन लई हाय!"

"झाल्याबिगर न्हाई उतरत!"

बाईनं घागर तिथंच टाकली अन् पळत सुटली. तुम्हीच सांगा, वैशाख महिना, आठवडाभर नळाला थेंब नाही, अन् म्हातारा टाकीवर चढून म्हणतोय उतरत नाही. माणसानं काय समजावं?

घटकेत टाकीखाली गाव जमलं. बायका घागरी वाजवायला लागल्या. कोणीतरी ओरडलं, "बापू गावासाठी उपाशी बसलेत!"

आमची मंडळी जीव तोडून सांगत होती, "अवं, आत्ताच तीन भाकरी खाऊन गेलेत ते!" पण ऐकतंय कोण?

फटफटीवर ग्रामसेवक आला. "बापू, काय मागणी हाय तुमची?"

माझं सगळं ध्यान फोनात. म्हटलं, "साठ झालंय. शंभर टक्के झाल्यावर उतरतो!"

"शंभर टक्के! शंभर टक्के!" खालून गजर सुरू.

ग्रामसेवकाला घाम फुटला. "आधीबी साठ टक्के घरांलाच पाणी जात होतं हे मान्य हाय, पण बापू, आता मोटारच जळली तर मी तरी काय करू?"

"बगा, बापूला आकडेसुद्धा ठाऊक हायत!" लोक म्हणाले.

खरं सांगून टाकायला मी तोंड उघडलंही होतं. पण गर्दीत पुढंच अप्पा उभा! त्याच्या देखत काय म्हणू? तुझ्या फोनवर जळून इथवर चढलो म्हणू? तोंड मिटलं अन् छत्री जरा खाली ओढली. लोकांना वाटलं, बापूंचा निश्चय पक्का.

ग्रामसेवकानं निलंग्याला फोनावर फोन केले. गाडी आली, मोटार बदलली. उन्हं कलता कलता पायाखालची टाकी गुरगुरली अन् गल्लीत पाण्याची धार पडली. तेवढ्यात माझा फोन काळा झाला. म्हटलं, गेला फोन! मग उजळला. घड्याळ ताटाएवढं!

उतरलो तर हार काय, गुलाल काय! मला कशाचंच कौतुक नाही. कधी एकदा अप्पाला फोन दाखवतो असं झालेलं.

घरी येऊन टेकलो, तोच मुदखेडहून लेकीचा फोन. पण उचलायचं हिरवं बटण कुठंय? वर घासलं, खाली घासलं, आडवं घासलं. फोन बोंबलून गप झाला. परत वाजला, परत गप. तव्यासारखा तापला अन् चार्जिंग भराभर खाली. लेक तिकडं घाबरली असेल, इकडं मी फोनला फुंकर घालतोय!

तेवढ्यात अप्पा आला. माझ्या हातातला फोन बघितला अन् मटकन खाली बसला.

"अरारारा! तुम्हीबी घेतलं का हे? बापू, मला फोन उचलता येईना झालाय, लाजेनं बोललो न्हाई. लातूरला इचारलं, तर एकदा आलेलं परत जात न्हाई म्हणाले. दुपारी त्यासाठीच तर तुमच्या दारात आलतो. म्हटलं माझा घ्या, वर पाच किलो साखर घ्या, पण तुमचा जुना फोन मला द्या. तर तुम्ही टाकीवर!"