बुर्गीच्या हातातली वादी

कुत्रं खरं आणि माणूस खोटा. रक्ताच्या मागावर एवढं एकच शास्त्र आहे, आणि कुत्र्यांच्या परीक्षा घेताना तीस वर्षं मी ते घसा सुकेपर्यंत सांगत आलोय. जखमी हरीण कुठं गेलं ते नाकाला कळतं, डोळ्याला नाही. तेव्हा कुत्र्याच्या गळ्याला बांधलेली चामड्याची वादी हातात धरून गपगुमान त्याच्यामागं चालावं. पण धन्याला वाटतं, आपल्यालाच अक्कल जास्त. ओढतो वादी आणि सगळं मातीत घालतो.

बुर्गी तसली नव्हती. म्हणून तर तिची गोष्ट सांगायला बसलोय.

बुर्गी म्हणजे आमच्या गावातला म्हातारा शिकारी, माझा दोस्त कोर्बिनियान, त्याची मुलगी. वय अडतीस, लग्न नाही. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं हिनं केलं. फेब्रुवारीत आई गेली. मागं राहिली तिची लाडकी पुत्झी, बुटक्या पायांची, मांजराएवढी, डाक्सहुंड जातीची कुत्री. उशीवर झोपायची, केक खायची. ओल्या गवतात पाय पडला तर बाहेर काढून उभी राहायची, कुणीतरी पुसावा म्हणून.

बुर्गी आता सुटली, असं गावाला वाटलं. तिलाही वाटलं असावं. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीनं पासाऊ शहरात, कपडे शिवायच्या कारखान्यात, तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. बायकांच्या वसतिगृहात खोलीसुद्धा. एक ऑक्टोबरपर्यंत यायचं, नाहीतर जागा दुसरीला. हे तिनं आमच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता माझ्या बायकोला, आफ्राला, सांगितलं. वर न बघता. बापाला सांगायची काही छाती झाली नाही.

मार्चमध्ये कोर्बिनियानचा म्हातारा शिकारी कुत्रा मेला आणि सगळं फिरलं. गावच्या जंगलातल्या शिकारीचा मक्ता कोर्बिनियानकडं होता. नऊ नऊ वर्षांनी नवा करायचा, आणि तो नेमका त्याच हिवाळ्याआधी संपत होता. नियम असा की परीक्षा पास झालेलं कुत्रं नसेल तर मक्ता नाही. जखमी जनावर जंगलात तडफडत राहायला नको. शहरातला एक वीटभट्टीवाला तर टपूनच बसला होता. जंगल गेलं की म्हातारा महिन्यात आटोपेल, असं गाव बोलायचं. नवं पिल्लू तयार करायला वेळ नव्हता. कोर्बिनियाननं उशीवरच्या पुत्झीकडं पाहिलं.

मी हसून हसून बाकावरून पडायचा राहिलो. ही फुसकुली हरणामागं जाणार? तो मला म्हणाला, "हसू नकोस, नात्स. नाक आहे ना तिला? मग झालं."

त्याचं कंबरेचं हाड गेलेलं, दोन काठ्यांवर चालायचा. आणि पुत्झी बुर्गीशिवाय कुणाबरोबर अंगणाबाहेर पाऊल टाकायची नाही. म्हणजे वादी कुणाच्या हातात, हे सांगायला नकोच. कुत्री पास झाली की बुर्गी नऊ वर्षं घरात अडकली. कुणाची गोळी चुकली की रात्रीअपरात्री हिला हाक. कुत्री नापास झाली की ती मोकळी. हे ती जाणत होती, आफ्रा जाणत होती, आणि आफ्राच्या पोटात काही राहत नाही म्हणून मीही जाणत होतो.

सरावासाठी खोटा माग घालायचं काम माझं. हरणाचं रक्त मीठ घालून बाटलीत ठेवायचं, काठीला स्पंज बांधायचा आणि गवतावर टिपत टिपत जायचं. दोन वळणं घ्यायची, शेवटी कातडं ठेवायचं. रात्रभर माग शिळा होऊ द्यायचा. पहिल्या दिवशी पुत्झीनं रक्त हुंगलं, शिंकली आणि थेट शेजारणीच्या खिडकीखाली गेली. तिथं डुकराचं मटण भाजत होतं. इकडं आपल्या घराच्या खिडकीतून कोर्बिनियान काठी आपटत ओरडत होता, हळू, अगं हळू, वादी सैल सोड. तो माणूस हुकूम सोडल्याशिवाय जेवतसुद्धा नाही.

पण बुर्गी काय चिवट. रोज पहाटे, शांतपणे. कधी ओढलं नाही, कधी ओरडली नाही. कुत्री थांबली की ही थांबायची, कुत्री चुकली की तिचं तिला उमगेपर्यंत वाट बघायची. मे संपेपर्यंत त्या केकखाऊ पोरीचं नाक जमिनीला जे चिकटलं ते सुटेना. मी थक्क झालो. आणि घोटाळा असा की बुर्गीला ते आवडायला लागलं. जंगलात, दहा मीटर वादीच्या टोकाला, तिला हे कर, ते कर सांगणारं कुणी नसायचं.

जुलैत कोर्बिनियानच्या पाहुण्यानं, एका दातांच्या डॉक्टरनं, नर हरणाला भलतीकडंच गोळी घातली. हरीण पळालं. पुत्झीनं अर्धा कोस माग काढला, ओढ्यातून, चिखलातून, पोट घासत, आणि रास्पबेरीच्या काट्यांत पडलेलं ते दाखवलं. डॉक्टरनं टोपी काढली. देवदाराची डहाळी मोडून रक्तात बुडवली आणि बुर्गीला दिली, आमच्याकडं माग काढणाऱ्याला मान म्हणून देतात तशी. तिनं अर्धी पुत्झीच्या गळपट्ट्यात खोवली, अर्धी आपल्या डोक्याच्या रुमालाच्या गाठीत. घरी येईपर्यंत ती हसत होती. मी तिला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

दारात कोर्बिनियाननं हात लांब करून ती डहाळी तिच्या रुमालातून काढली आणि आपल्या टोपीत लावली. "कुत्री माझी, जंगल माझं," म्हणाला, आणि डॉक्टरसाठी बिअर मागवली. बुर्गी सूप गरम करायला आत गेली. मी तिथंच बसलो होतो, बिअर पीत. बोललो का काही? नाही. माझ्यासारखा बुळा दुसरा नाही.

ऑगस्टच्या शेवटी परीक्षा झाली. आम्ही तिघं परीक्षक, सगळ्यांत पुढं मी. माग चुकला की परीक्षक परत बोलावतात. दोनदा माफ, तिसऱ्यांदा बाद. पुत्झी निघाली ती नाक खाली घालून, एखादी आजीबाई जपमाळ ओढते तशी एकचित्तानं. पहिलं वळण तिनं सहज घेतलं. दुसऱ्या वळणाला ती उजवीकडं गेली. बरोबर होती, झाडाच्या सालीखाली खुणेचा कागद मला दिसत होता. बुर्गी उभी राहिली आणि तिनं डावीकडं वादी ओढली.

पुत्झी बसली. येईना. बुर्गीनं मनगटाला पीळ देऊन पुन्हा ओढलं. तेव्हा कुत्रीनं वळून तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि आली. मागच्या दोघांना दिसली ती भरकटलेली कुत्री. मला दिसलं मनगट. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा बुर्गीचे ओठ पांढरे पडले होते. मी कागदावर लिहिलं, कुत्री माग सोडते, आणि खाली सही केली. खोटं लिहिलं आणि मनातून खूश झालो. म्हटलं, जा पोरी, सुटलीस एकदाची.

कसली सुटते. परीक्षा पुन्हा देता येते, हे मीच विसरलो, गाढवासारखा. कोर्बिनियान एका शब्दानं रागावला नाही. पुढच्या परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत, म्हणाला. कोठाराच्या मागच्या कुरणात माग घालायला सांगितलं आणि बघायला स्वतः बाकावर येऊन बसला. बुर्गीचा चेहरा गोठ्यात परत बांधलेल्या गाईसारखा झाला होता.

पुत्झीला वादी लावली. ती पाच पावलं गेली, थांबली, वळून बुर्गीकडं बघितलं. बुर्गी म्हणाली, शोध. आणखी पाच पावलं, पुन्हा मागं वळून. रक्त तिच्या नाकाखाली होतं. शेपूट दोन पायांत घालून ती बुर्गीच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

"आण तिला इकडं," कोर्बिनियान म्हणाला. त्यानं तिला मांडीवर घेतलं, कान कुरवाळले. "नाक शाबूत आहे हिचं. माग कळतोय. पण जायला भितेय. बरोबर चालली असताना कुणीतरी ओढलंय हिला. एकदा नाही." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या बुटांकडं.

"मीच ओढलं, बाबा," बुर्गी म्हणाली. "मला पासाऊला जायचंय."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

कोर्बिनियान हट्टी आहे, कंजूष आहे, पण खोटारडा नाही. "नाही," तो म्हणाला.

"म्हणून ओढलं." एवढं बोलून ती गवतात बसली आणि पुत्झीचं तोंड दोन्ही हातांत धरून रडायला लागली. "हिची काय चूक होती? मला नको होतं तेच मी हिला केलं."

पुढच्या सोमवारच्या बसनं ती गेली. वसतिगृहात कुत्र्यांना मनाई, म्हणून पुत्झी आमच्याकडं राहिली. मक्ता वीटभट्टीवाल्यानं घेतला. कोर्बिनियान महिन्यात आटोपला वगैरे काही नाही. दोन वर्षं झाली, रोज माझ्याशी पत्ते खेळतो आणि लबाडी करतो. मुलीचं नाव काढत नाही, पण तिचं पत्र आलं की कुणाचं आलं म्हणून विचारतो.

मी अजून माग घालतो. कुणी परीक्षा घेत नाही, तरी घालतो. वादी सैल सोडतो, तोंडानं शब्द काढत नाही. पुत्झी पाच पावलं जाते आणि वळून बघते. तू खरी गं बाई, मी खोटा, असं मी तिला सांगतो. ती माझ्या तोंडाकडं बघत बसते.

बुर्गी पत्रात लिहिते की तिला खोलीची स्वतःची किल्ली आहे, रविवारी ती नदीकाठी सायकल चालवते. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच विचारते, पुत्झी अजून मागं वळून बघते का. खरं लिहिलं तर ही बाई पुढच्या बसनं परत येईल, तिला मी ओळखतो. आफ्रा पेन आणून माझ्यापुढं ठेवते आणि उभी राहते. मी लिहितो, नाही गं, आता अगदी सरळ जाते.