मागच्या चाकात चाळीस

टायरमधल्या हवेतलं मला कळतं. अंगठा दाबला की आकडा सांगतो. मीटर नंतर माझ्याशी जुळवून घेतो. एकदा सिहोऱ्याच्या चौकातून भरधाव ट्रॅक्टर गेला, तेव्हा मी टपरीवर बसल्या बसल्या म्हणालो, "डावीकडच्या मागच्या चाकात दोन कमी आहे." ड्रायव्हरनं थांबून मोजलं. तेव्हापासून तो त्या चौकातून जातच नाही, शेताशेतानं जातो.

आमच्याकडे धानाचं चुरणं, मळणी सगळं आटोपलं की गावाबाहेरच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या रिकाम्या खाचरांत, मोटारसायकलींची शर्यत लागते. मधले धुरे, मातीचे बांध, फोडून गोल चक्कर काढतात. गाड्या त्याच, ज्यांच्यावर एरवी धानाचं पोतं आणि बायको बसते. शर्यतीपुरते आरसे तेवढे काढायचे. मागच्या खेपेला धूळ अशी उडाली, की दोन गावांच्या कोंबड्या संध्याकाळ झाली समजून भरदुपारी खुराड्यात गेल्या.

पहिल्याला ढाल मिळते. कोणाला मिळाली ते आठवडाभरात सगळे विसरतात. लक्षात राहतो शेवटचा. त्याच्या गळ्यात मोटारसायकलची जुनी ट्यूब घालतात. दिवस मावळेपर्यंत ती काढायची नाही, आणि कुठंही जायचं झालं तरी तशीच घालून जायचं. ही रीत कोणी काढली ते ठाऊक नाही. ज्यानं काढली तो कधी शेवटचा आला नसणार. एकाला ती पडली, तर त्याची सासूसुद्धा त्याला अजून ट्यूबच म्हणते. त्याच्या पोरांना शाळेत 'ट्यूबची पोरं' म्हणून हाक मारतात आणि ती बिचारी उभी राहून 'हजर' म्हणतात.

यंदा शर्यतीत माझा साळा उतरला. बायकोचा धाकटा भाऊ, तिशी ओलांडलेला, अंगानं काडी, तीन एकर धानाचा मालक. "पोरगा काय करते?" "शेती." एवढ्यावर चहा अर्धा टाकून उठलेले पाहुणे मोजायचं मी सोडून दिलं होतं. काही पाहुणे तर घरापर्यंत पोचलेच नाहीत. वाटेत त्याचं शेत दिसलं आणि तिथूनच परतले. शहापूरकडचा एक धानाचा व्यापारी मात्र म्हणाला, "शेती असू द्या. पोरगा डोक्यानं कसा आहे ते पाहू. शर्यतीच्याच दिवशी येतो." पोरगी शिकलेली, दिसायला चांगली. साळ्यानं मोबाइलमधला तिचा फोटो बोटांनी मोठा करून करून काचेला खड्डा पाडला.

माझ्या बायकोनं मला बजावलं, "तो जिंकला नाही तरी चालते. पण शेवटचा नको येऊ देऊ. पाहुण्याच्या डोळ्यासमोर ट्यूब पडली का सोयरीक गेली."

म्हणून हवा ठरवायचं काम मी घेतलं. शर्यत दुपारची. तेव्हा बांधीतली माती वरून पिठासारखी झालेली असते. कडक टायर त्या पिठावर जागच्या जागी फिरतो. हवा कमी केली की टायर पसरतो, माती आणि धानाची धसकटं धरतो. पण फारच कमी केली, तर टायर रिंगवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो आणि गाडी ढकलत आणावी लागते. आठवडाभर मी साळ्याला त्याच बांधीत फिरवला. तिसापासून सुरुवात केली, मग दोन-दोन पौंड खाली. चोवीसवर घसरला, बावीसवर डुलला. अठरावर गाडी वळणावर गोचिडासारखी चिकटली. साळा खाली उतरून म्हणाला, "भाऊजी, हेच. आता कोणाच्या बापाचं नाही ऐकत."

मी म्हटलं, "लक्षात ठेवजो."

शर्यतीच्या दिवशी पाहुणे एसटीनं सिहोऱ्याला उतरणार होते. त्यांना आणायला साळाच गेला, त्याच गाडीवर. व्यापारी असा, की तो बसला तिकडं एसटी वाकत असेल. सोबत त्याचा भाऊ, तोही त्याच पोत्यातला. तीन माणसांच्या वजनासाठी साळ्यानं स्टँडजवळ मागच्या चाकात चाळीस भरून घेतली. त्यात काही चूक नव्हती. बांधीवर आला की मी कमी करणारच होतो.

ते आले, नमस्कार झाले, पाहुण्यांना खुर्च्या मिळाल्या. मी मीटर घेऊन मागच्या चाकाशी बसलो आणि व्हॉल्व्ह दाबला.

"काय करून राहिले तुमी?" व्यापारी खुर्चीतूनच म्हणाला.

"हवा कमी करून राहिलो. माती भुसभुशीत आहे. अठरा पायजे."

"अठरा?" त्यानं शेणात पाय पडल्यासारखं तोंड केलं. "माह्या मेटॅडोरचे टायर दगडावानी रायते. तवा कुठं माल जागेवर पोचते. राहू द्या चाळीसच."

मी साळ्याकडे पाहिलं. गाडी त्याची, टायर त्याचा, लग्नही त्याचंच. अठरा आणि चाळीसमधला फरक आठवडाभर त्याच्याच ढुंगणानं सोसला होता.

"बोल बे," मी म्हटलं, "किती ठेवू?"

साळा हात बांधून उभा. होणाऱ्या सासऱ्यानं मिठाला साखर म्हटलं असतं, तरी त्यानं ते चहात घालून दोन कप प्याला असता.

"मामाजी म्हणते तेवढी ठेवा ना, भाऊजी."

"पक्कं?"

"मामाजीले अनुभव आहे."

गेली तेवढी हवा मी पंपानं परत भरून दिली, पुरी चाळीस. वर दोन टिचक्या मारल्या. टायर टाळ वाजल्यासारखा वाजला. आणखी समजवायला मी काही त्याची आई नव्हतो. शिवाय मीही त्याच शर्यतीत होतो, मागच्या चाकात अठरा घेऊन; आणि शेवटचं कोणाला तरी यावंच लागतं.

निशाण पडलं. सगळे निघाले. साळ्याची गाडी आवाज करत तिथंच. मागचं चाक असं फिरत होतं, की मागे उभ्या असलेल्या लोकांच्या अंगावर अर्धी बांधी जाऊन पडली.

"अबे, गाडी आहे का धान उडवाचा पंखा?" कोणीतरी ओरडलं.

एकदाचा निघाला तर पहिल्या वळणावर आडवा. उठला, पुढच्या वळणावर पुन्हा आडवा. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "बाई, याले कोणी काठी तरी द्या टेकाले." माइकवाल्याला तर दिवाळीच होती. "शहापूरच्या पाहुण्यांनी उठू नये. जावई दुसऱ्या बांधीत मुक्कामाला आहेत. जेवून निघतील." मी शेवटून दुसरा आलो, म्हणजे इज्जतीत आलो, आणि आरामात उतरून त्याचा शेवटचा फेरा पाहिला. तो येईपर्यंत मंडपवाल्यानं अर्धा मंडप सोडला होता.

ट्यूब घातली. टाळ्या ढालवाल्यापेक्षा जास्त पडल्या. माझ्या बायकोनं पदर तोंडावर घेतला. साळा तसाच, धुळीनं पांढरा, गळ्यात काळी ट्यूब, व्यापाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मामाजी, तुमी म्हटलं म्हून चाळीस ठेवली."

"म्हूनच तं," व्यापारी म्हणाला. "येता येता गाडीवर तूच सांगे, आठ दिवस अठरावर फिरलो म्हणून. तुले मालूम होतं. तरी मी म्हटलं न् तू मान डोलावली. उद्या माह्या पोरीले कोणी काही बोललं, तं तू असाच मान डोलावत उभा राहशीन."

"पण मंग तुमी चाळीस कायले म्हटलं?"

"मले काय समजते? मी मेटॅडोरवाला माणूस."

त्याचा भाऊ हसला. मीही हसलो; बायकोनं पाहिलं तेव्हा खोकलो. सोयरीक तिथंच, त्या खुर्चीजवळ संपली. चहाही झाला नाही.

पण एसटीची वेळ झाली होती, आणि नकार दिला तरी पाहुणा तो पाहुणाच. ज्यानं आणला त्यानंच पोचवायचा. ऊन अजून बांधीवर होतं, त्यामुळे ट्यूब काढता येत नव्हती. साळा पुढे बसला, मागे व्यापारी, त्याच्या मागे भाऊ. मी सोबत निघालो. डांबरी रस्त्यावर माझी अठराची गाडी गाभण म्हशीसारखी डुलायला लागली आणि मी मागे पडत गेलो. साळ्याची गाडी मात्र सरळ, ताठ. खड्डा आला की व्यापारी साळ्याच्या गळ्यातली ट्यूब दोन्ही हातांनी धरायचा, आणि साळ्याची मान मागे जायची.

फार मागे पडायच्या आधी मला एवढं ऐकू आलं. व्यापारी त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "गाडी मस्त चालून राहिली. हवा बरोबर आहे, पाह्य."

"हो, मामाजी," साळा म्हणाला.