वर्लनने न विचारलेला आकडा

पश्चिम टेक्सासातल्या त्या गावात वर्लन टीगने सव्वीस वर्षं पिकअप ट्रक विकले, आणि खोटं बोलून एकही विकला नाही. गिऱ्हाईक इंजिनाच्या आवाजावर भाळायचं. वर्लन त्याला ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेली वजनाची चिठ्ठी वाचायला लावायचा. "हौदा केवढा, मागच्या सीटवर पोरं मावतात का, ते मागाहून बघ. पाठीवर किती वजन सोसतोय ते आधी वाच. ओढायला काय, कुठलाही ओढेल. उतारावर थांबवेल का?"

एक गोष्ट मात्र तो कधीच विचारत नसे. त्या मुलखात 'तुझी गुरं किती' असं विचारणं म्हणजे समोरच्याच्या खिशात हात घालणं. एका खेपेला किती नेणार, हेही त्यातच आलं. असली रीत चुलीत घालावी, पण तिथे ती पाळतात. वर्लनला ती बापाने शिकवली होती.

हॉलिस प्रुइट शाळेपासूनचा दोस्त, तरी त्यालाही त्याने विचारलं नाही. "थोडीफार गुरं बाजारात न्यायची असतात रे," हॉलिस म्हणाला, आणि वर्लनने त्याला पाच टन ओढणारा हलका ट्रक दिला. ऑक्टोबरात हॉलिस ट्रेलरमध्ये बारा गाई भरून पठाराचा उतार उतरायला लागला. ओझं आठ टनांच्या वर. ब्रेक तापून निकामी झाले आणि ट्रेलरने ट्रकला ढकलत दरीत नेलं. पाय मोडून हंबरणाऱ्या गाई शेरिफच्या माणसाने गोळ्या घालून गप्प केल्या. हॉलिस तोवर संपला होता.

विचारलं असतं तरी हॉलिसने आकडा सांगितला नसता, एवढंच वर्लनने मनाशी घट्ट धरून ठेवलं. तेवढ्यावर त्याने हिवाळा कसाबसा काढला.

मार्चात हॉलिसची बायको नेल्डा दुकानात आली. गुरं सगळी विकून टाकायची होती, ती बाजारात न्यायला ट्रक हवा होता. वर्लन नेहमीसारखा सुरू झाला: हा डिझेलचा, याला मागे चार चाकं, हा जरा महाग पण...

"पाठ केलेलं नको सांगूस," ती म्हणाली.

वर्लनने हातातलं दरपत्रक मिटलं. "नेल्डा, एका खेपेला किती नेणार?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस लाजून बाहेर निघून गेला.

"बाराच. त्यालाही विचारायचं होतंस."

"त्याने सांगितलं नसतं गं."

"सांगितलं असतं की. खरं नसतं, एवढंच. हॉलिसच तो. छाती फुगवून वीस म्हणाला असता." दार उघडून ती चिठ्ठी वाचायला वाकली. "मग तू त्याला मोठाच ट्रक दिला असतास."