आपांची पट्टी, काळी एक

आपांनी फोन उचलून 'हॅलो' म्हटलं, की पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "भाऊ, घरातल्या बाईमाणसाला द्या की जरा." आपा चिडत नसत. आवाज आहे त्याहून एक पायरी खाली उतरवून म्हणत, "बाईमानूसच बोलतंय. बोला." मग पलीकडे बराच वेळ शांतता. गॅसवाला, बँकेचा मॅनेजर, विजेच्या ऑफिसातला साहेब, सगळ्यांनी ही शांतता पाळलेली होती. आवाज जरा बारीक केला तर रोजचा त्रास वाचेल, असं मी एकदा त्यांना सुचवलंही. म्हणाल्या, "मी कामून बारीक व्हायचं? त्यांनी कान मोटं करावं."

मिरजगावच्या अलीकडे, हायवे सोडून तीन किलोमीटर आत आमचं गाव. एस.टी. थांब्याच्या मागे आपांची पिठाची गिरणी होती. वडील गेल्यावर ती त्यांनीच चालवली. भुवयांवर कायम पिठाचा थर, डोक्यावरची ओढणी मागे बांधलेली आणि तोंडात गाणं. गिरणी चालू असली तरी गात, बंद असली तरी गात. एवढ्या आवाजात कोण ऐकतं, असं कुणी विचारलं की म्हणत, "चालू असताना माझ्यासाटी गाते. बंद असताना तुमच्यासाटी. पीठ दोन्ही वेळंला सारकंच मिळंल."

मी गावातल्या हायस्कूलवर मराठी शिकवतो आणि पेटी वाजवतो. गहू घेऊन गेलो असताना त्यांचं गाणं ऐकलं आणि दुसऱ्या रविवारी पेटी घेऊन गिरणीवर गेलो. कोणत्या स्वराला 'सा' धरून गायचं, ती गाणाऱ्याची पट्टी. बायका साधारण पेटीवरची चौथी किंवा पाचवी काळी, म्हणजे काळी चार किंवा काळी पाच धरतात, पुरुष त्याहून खाली, काळी एकच्या आसपास. आपांचा आवाज सरळ काळी एकवर जाऊन बसत होता. मी स्वतःला जाणकार समजत असे. म्हणालो, "आपा, बाईमाणसानं एवढ्या खाली गाऊ नये. आपण तुम्हाला हळूहळू काळी चारवर नेऊ." चार महिने मी त्यांना वर ओढत होतो. आवाज पातळ झाला, घसा बसला, गाण्यातला जीव गेला. शेवटी एका रविवारी त्यांनी शेजारच्या पोरीकडून नेलपॉलिशची बाटली आणवली आणि माझ्या पेटीच्या काळी एकवर लाल ठिपका दिला.

"मास्तर, वरच्या पायरीवर हुबं ऱ्हायल्यानं मानूस मोटा होतो व्हय? मी हितं राहते. तुमाला यायचं तर हितं या."

त्या दिवसापासून मी तिथंच राहिलो. माझ्या वाजवण्याची बरी म्हणावीत अशी वर्षं तीच.

आपा एकट्या नव्हत्या. नंदाताई त्यांच्याबरोबर राहत. नंदाताई टेम्पो चालवायच्या, काष्टीच्या बाजाराला कांदा न्यायच्या आणि हलगी वाजवायच्या. हलगी त्यांच्या घरातली. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवली. नंदाताई कुणाच्या वरातीला जात नसत. "बापानं लोकांम्होरं वाजवली, मी माझ्याम्होरं वाजवते," म्हणायच्या, आणि आपांकडे बघायच्या. त्या दोघी एकमेकींच्या कोण, हे गावाला ठाऊक होतं आणि गाव 'मैत्रिणी' म्हणून वेळ मारून नेत होतं. आपांच्या मशिदीतल्या मंडळींना ते पटत नव्हतं आणि नंदाताईंच्या भावकीलाही. या दोन्ही बाजूंचं गावात एकमत होण्याचा तेवढा एकच विषय होता.

एकदा दोघींनी एकाच रेशनकार्डासाठी अर्ज केला. कुटुंबप्रमुख आपा. नंदाताईंच्या नावापुढे 'नाते' असा रकाना होता, तिथं आपांनी लिहिलं, 'घरची'. खिडकीतल्या माणसानं भलेपणानंच सांगितलं, की बहीण लिहा, काम होऊन जाईल.

"बहीन हाय मला. ती शिरूरला दिली," आपा म्हणाल्या. "ही बहीन न्हाई."

अर्ज परत आला. त्याच दुपारी गिरणीचा पट्टा फिरत असताना आपांनी गाणं रचलं.

चूल एक, दार एक, एक पाण्याची घागर,
दोन नावं लिहायाला का रं लाजतो कागद?

पुढे सहा कडवी होती. एक टाकून दिलेल्या बाईचं, एक शेतावर नाव नसलेल्या सुनेचं, एक मशिदीच्या दाराशी थांबलेल्या पोरीचं. शेवटचं दोघींचं. दळण घेऊन येणाऱ्या बायकांना ते महिनाभरात पाठ झालं. म्हाताऱ्यासुद्धा पिठाचा डबा डोक्यावर ठेवताना 'का रं लाजतो कागद' म्हणत आणि तोंडाला पदर लावून हसत.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

महिला दिनाला गावात कार्यक्रम ठरला. मंडप, खुर्च्या, तालुक्याहून पाहुण्या. बायकांनी आग्रह धरला, की आपांचं ते गाणं झालंच पाहिजे. आदल्या दिवशी आमच्या संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं, चहा दिला. म्हणाले, बायकांना नाही म्हणता येत नाही, गाऊ द्या तिला, पण ते गाणं रंगायला नको. मग म्हणाले, "पेटी तुमच्या हातात आहे सर. तुम्ही समजदार आहात."

एवढंच. नोकरीची धमकी नाही, बदलीचा विषय नाही. कुणी मला घाबरवलं असतं तर निदान तेवढं तरी कारण सांगता आलं असतं. मला नुसतं समजदार म्हटलं, आणि मला ते बरं वाटलं.

आपांची हिरवी साडी, नंदाताईंच्या हातात शेकून तापवलेली हलगी. मंडपात रानातनं लवकर परतलेल्या दीडदोनशे बायका. लाल ठिपका माझ्या समोर होता. माझं बोट त्याच्यावरून पुढे गेलं आणि मी काळी चारचा सा धरला. आपांनी भुवई उडवून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, शरमेनं. पण पेटीवाल्यानं मान खाली घातली की गाणं उचलायचं, ही आमच्यातली खूण होती. आपांनी माझ्यावर भरवसा ठेवला आणि उचललं. 'घागर' म्हणताना आवाज फाटला. माईकमुळे तो चांगला लांबपर्यंत फाटला. पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं आणि मंडप हसला. हसण्यात बायकाही होत्या.

आपा थांबल्या. शांतपणे माझ्याजवळ आल्या, पेटीच्या भात्यावर हात ठेवून तो मिटला आणि माईकवर म्हणाल्या, "आज पेटीला ताप आलाय. निजू द्या तिला." मग नंदाताईंकडे बघून मान हलवली. हलगी कडाडली आणि आपांनी आपल्या जागेवरून, काळी एकवरून, गाणं पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला माईक बंद झाला. त्या थांबल्या नाहीत. खालचा आवाज लांब जात नाही, म्हणून पुढच्या वीसपंचवीस बायका खुर्च्या सोडून स्टेजच्या पायथ्याशी मातीत जाऊन बसल्या. सहाच्या सहा कडवी झाली. मी मिटलेल्या पेटीमागे बसून ती ऐकली.

पण गावात राहिलं ते फाटणंच. आपांचा आवाज गेला, असं पसरलं. पुढे कुठल्या कार्यक्रमाचा विषय निघाला की सचिव हळहळून म्हणत, "बिचारीचा आवाज साथ देत नाही आता." बोलावणी बंद झाली. मी त्या बोलण्याच्या वेळी हजर असे आणि गप्प असे. घरचं दळण मी दुसऱ्या गावाहून आणू लागलो. बायको विचारी, मी तिला तिथलं पीठ बारीक येतं म्हणून सांगे.

दोन महिन्यांनी गिरणीवर गेलो. माफी मागायची म्हणून घरून वाक्यं जुळवून नेली होती. आपांनी ती पुरी होऊ दिली नाहीत.

"मास्तर, पेटी चुकली न्हाई. तुमी चुकलात. आन् माफी माझ्यापाशी नका मागू. मला तवाच कळलं हुतं. ज्या बाया हसल्या, त्यांना अजून कळलं न्हाई. त्यांना सांगा. माईकवर फाडलंय, माईकवर शिवा."

मी हो म्हणालो. पुढची दोन वर्षं मी हो म्हणत राहिलो.

मग गिरणीची जागा आपांच्या चुलतभावानं परत मागितली. दोघींनी नगरला भाड्यानं गाळा घेतला. निघायच्या दिवशी नंदाताईंच्या टेम्पोत गिरणीचे दळायचे दगड चढवले, मोटार चढवली, दोन खाटा. मी माझी पेटी घेऊन गेलो. ती आपांना द्यायची होती. वडिलांनी घेतलेली पेटी, माझ्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू. नंदाताईंनी हात पुढे केलासुद्धा. आपांनी तो बाजूला केला.

"ही मला दिऊन तुमी मोकळं व्हनार. तसं न्हाई चालायचं. ठिवा तुमच्यापाशी. रोज उघडा आन् ठिपका बघा." टेम्पोत चढल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "आन् शाळंतल्या पोरींना वर वडू नका. जी जितं हाय तितं गाऊ द्या."

टेम्पो वळला तेव्हा त्या गात होत्या. इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत.

पोरींच्या बाबतीत मी शब्द पाळला. आता नवीन मुलगी गाण्याला आली की आधी तिला पेटीशिवाय गायला लावतो. ती कुठं उभी आहे ते ऐकतो आणि मग तिथं जातो. ठिपका झिजत चालला आहे. त्याच्यावर दुसरा रंग देण्याचं मला धाडस झालं नाही.

गेल्या आठवड्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन माझ्याकडे होतं. पालक म्हणून आलेल्या बायकांनी मंडप भरला होता. पहिल्या रांगेत सचिव. समूहगीतानंतर पुढचं नाव पुकारायच्या ऐवजी मी म्हणालो, "त्या वर्षी महिला दिनाला आपांचा आवाज फाटला नव्हता. मी मुद्दाम चुकीची पट्टी दिली. आवाज मी फाडला." गाण्यातलं न कळणाऱ्यांनाही समजावं म्हणून दोन्ही पट्ट्या वाजवून दाखवल्या. कुणी सांगितलं होतं ते बोललो नाही, कारण बोट माझं होतं. सचिव शाल सारखी करत राहिले. मग मागून एका म्हातारीनं विचारलं, "मग ते गानं कुटं हाय, मास्तर?"

मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी नगरला फोन लावला. मागे गिरणी चालू होती.

"हॅलो."

इतक्या वर्षांनी मीसुद्धा क्षणभर अडखळलो.

"बाईमानूसच बोलतंय," आपा म्हणाल्या. "बोला मास्तर."

सगळं सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली, म्हणजे माझ्यासाठी ऐकत होत्या. बाया किती होत्या ते विचारलं. सचिव होते का ते विचारलं. मग म्हणाल्या, "आन् गानं कुनी म्हनलं?"

"कुणीच नाही."

"मंग आर्धंच शिवलं की." मागे वळून त्यांनी नंदाताईंना काहीतरी विचारलं आणि पुन्हा फोनवर आल्या. "आयतवारी येतो आमी. मंडप नको, माईक नको, शाळंचं पटांगन नको. थांब्याम्होरं टेम्पो लावतो, मागचा फाळका खाली पाडला की झालं स्टेज. त्या म्हातारीला म्होरं बसवा. पेटीचा ताप उतरला आसंल तर पेटी आना."

आज शुक्रवार. दुपारपासून पेटी उघडी ठेवून बसलो आहे. शेजारच्या मुलीकडून नेलपॉलिश मागून आणलं आहे. नवा ठिपका मात्र त्यांनाच द्यायला सांगणार आहे, सगळ्या बायकांसमोर.