बाईंकडे ठेवलेला पत्ता

बाईंना कुणी एखाद्या अशिलाबद्दल विचारलं की त्या अडकित्ता काढायच्या. सुपारी कातरायला लागल्या की समजायचं, आता उत्तर मिळणार नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "ठेव आहे गं ती. खर्चायची नाही."

सांगलीच्या कोर्टात मी त्यांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी केली. तुमच्याही ओळखीत असा एखादा तोंडाचा घट्ट माणूस असेल, पण आमच्या बाईंची तऱ्हाच वेगळी. शेजारच्या प्लॉटचं खरेदीखत त्यांनीच केलेलं, आणि त्यांच्या यजमानांना ते कळलं कंपाउंडची भिंत उभी राहिल्यावर. "एका घरात राहतो आम्ही, पण हिच्या पोटातलं हिच्याच पोटात," ते कुरकुरायचे. बाई त्यांच्यापुढे सुपारी धरायच्या.

मला याची गंमत वाटायची. पुढे रागही आला.

कवठे महांकाळकडची एक मुलगी नवऱ्याचा मार खाऊन आमच्या ऑफिसात आली. बाईंनी मला बाहेर बसवलं. ती तिथून निघाली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. माहेरच्यांनी बेपत्ता झाल्याची तक्रार दिली. पोलीस आले, तेव्हा बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सज्ञान आहे ती. माझ्याशी काय बोलली ते तिच्या परवानगीशिवाय सांगणार नाही. कुठे गुन्हा व्हायचा असता, तर मीच तुमच्याकडे आले असते."

मुलीचा बाप 'एकदा दिली की ती त्या घरची' या मताचा. आई मात्र दर बाजाराला यायची आणि दारात बसून राहायची.

"आवं बाई, कुठं हाय ते नगा सांगू. हाय का न्हाई, तेवढंच सांगा."

अडकित्ता चालत राहायचा. एकदा मी न राहवून बोलले, की एक शब्द सांगायला काय जातं? बाई म्हणाल्या, "'आहे' म्हटलं की 'कुठे' आलंच. ही विचारणार नाही, पण घरी हिला कोण सोडेल?"

मग नदीत एका बाईचं प्रेत सापडलं. बापाला मिरजेच्या दवाखान्यात बोलावलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. त्याने हातातल्या बांगड्या पाहिल्या आणि "आमचीच" म्हणून मोकळा झाला. त्याला तरी काय बोलणार? आपल्याकडे पळून गेलेल्या लेकीपेक्षा मेलेली लेक सांगायला सोपी जाते. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा, असं पोलीस म्हणत होते. भावकी त्यांच्या मागे लागली होती, "आजच माती उरकू द्या."

हे कळल्यावर बाईंनी आतून कडी लावून फोन केला. मला दाराबाहेर फक्त त्यांचा आवाज येत होता.

"मेलेली राहिलीस तर सुटशील, हे खरं. पण ही जी कुणाची आहे, तिच्या आईने कुठे शोधायचं? ... नाही, तू नको म्हणालीस तर नाही बोलणार. रिपोर्टशिवाय प्रेत देऊ नका, एवढं पोलिसांना विनवेन. ते ऐकतीलच असं नाही." मग, "बरं. तेवढंच. एक अक्षर जास्त नाही."

आम्ही रिक्षाने मिरज गाठली. शवागाराबाहेर आई भिंतीला टेकून बसली होती. बाई तिच्यासमोर फरशीवरच बसल्या.

"ही तुमची नाही. तुमची जिवंत आहे."

आई रडली नाही. तिने हळूच विचारलं, "जेवती न्हवं?"

बाईंना तेवढी परवानगी नव्हती. त्यांनी नुसता तिचा हात धरला. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि माझा सगळा राग गेला.

बाप धावून आला. "कुठं हाय? सांगा, न्हाईतर कोर्टात खेचतो!"

"खेचा. मी रोज तिथेच असते," बाई म्हणाल्या.

पोलिसांनाही त्यांनी तेवढंच सांगितलं. माती थांबली. पुढे रिपोर्ट आला आणि त्या बिचारीचे खरे आईबाप जतकडून येऊन तिला घेऊन गेले.

त्यानंतर आई गाठोडं घेऊन यायला लागली. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "तुमास्नीच हाय," म्हणायची. बाई ते न सोडता उचलायच्या आणि साताऱ्याची एसटी धरायच्या. साताऱ्यात आमची एकही केस नव्हती. मी कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या. कुणाला काही सांगायला वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी त्यांनी सांगितलं नसतं.

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममधल्या शोकसभेला ती आई आली. हातात गाठोडं होतंच.

"आता ह्ये कुणाजवळ दिऊ?" तिने मला विचारलं.

मला खरंच ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी तिला खुर्ची दिली आणि शेजारी बसून रडले.

भाषणं सुरू झाली. बाईंच्या कायद्याच्या अभ्यासावर पुष्कळ बोललं गेलं. आई तिकडे बघतच नव्हती. दारातून एखादी तरुण बाई आत आली की ती मान उंच करून तिचं तोंड न्याहाळायची आणि मांडीवरचं गाठोडं जरा पुढे सरकवायची.