सत्यवान गुरवाने न लावलेला कौल

सत्यवान गुरव जत्रेतला दशावतार अर्धा टाकून घरी जातो, हे वाडीत अजून कोणाला पचलेलं नाही. अहो, राक्षस नुकता कुठे पुढे आलाय, पेटी-पखवाज रंगात आलाय, आणि देवळाचाच गुरव दहाच्या ठोक्याला चपला शोधतोय! पोरं ओरडतात, "काका, राक्षस मरूचो आसा अजून!" हा शांतपणे म्हणतो, "तो मरतलोच. माका झोपूचा आसा."

धामापूरच्या तळ्याच्या वरच्या अंगाला ही वाडी. सातेरी देवीची पूजा तीस वर्षं सत्यवानाकडे. माणूस बोलघेवडा, पण दोन वर्षांपूर्वी असा काही मिटला की पूजा सोडली तर कशालाच हात लावीना. दाढी नाही, धड जेवण नाही. शेवटी पिंगुळीहून बहीण सावित्री आली, तिने भावाला रिक्षात कोंबलं आणि थेट कुडाळला मनाच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. वाडीला सांगितलं, पोटाचं दुखणं आहे.

तेव्हापासून याचा दिवस ठरलेला. पूजा आटपली की तासभर परसातल्या वांग्यांत खपायचं. संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जायचं, मग कोणाच्या घरी पाहुणे येवोत की लग्न असो. दिवा लागला की मोबाइल बंद, दहाला अंथरूण. आणि दुपारी सावित्रीला फोन. त्यात एक अट: "कसो आसस?" म्हटल्यावर "बरो आसंय" चालायचं नाही. काहीतरी खरं सांगायचं. आज उगाच राग आला, आज रडू आलं, आज वांग्याला कीड लागली आणि तेवढ्यावरून दिवस नासला. ती शहाणपण शिकवत नाही, फक्त "हं" म्हणते. त्या "हं"वर हा पठ्ठ्या आज ताठ उभा आहे.

तर गेल्या सोमवारी यशोदा नवऱ्याला हाताला धरून देवळात आली. नवरा गंगाराम, सत्यवानाचा शाळेपासूनचा दोस्त. काजूचा हंगाम, बोंडं झाडाखाली कुजतायत आणि हा दिवाळीपासून पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. घरात कोणाशी चार शब्द नाहीत.

"भावजीनु, कौल लावा," यशोदा म्हणाली. "बाधा खंयची ती देवीक इचारा."

देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. इकडची माणसं लग्न, विहीर, घर, सगळं असंच विचारून करतात.

सत्यवानाने गंगारामकडे पाहिलं. हा चेहरा त्याने स्वतःच्या आरशात पाहिला होता. बाधाबिधा काही नाही, त्याला चांगलं कळत होतं. त्याने मनात प्रश्नच बदलला, "ह्याका डॉक्टरणीकडे नेव काय?" कळ्या पाण्यात बुडवल्या, आणि हात थांबला. डावी पडली तर? देवी नको म्हणाली म्हटल्यावर यशोदा जन्मात दवाखान्याची पायरी चढणार नाही, आणि गंगाराम हातचा जाईल.

उजवी पाडणं काही कठीण नव्हतं. तिला पाणी जरा कमी लावलं की झालं. तीस वर्षं त्याला हे ठाऊक होतं आणि तीस वर्षांत त्याने एकदाही ते केलं नव्हतं. कोणाला कळणार होतं? देवीला कळलं असतं, आणि त्याला स्वतःला.

त्याने कळ्या ताटात परत ठेवल्या. "यशोदे, ह्यो कौल मी लावचंय नाय."

"कित्या?"

"आपणाक ठावक नसता ता देवीक इचारूचा. ह्या माका ठावक आसा. दोन वर्सां मी गोळी घेतंय. पोटाची नाय, मनाची."

मंडपात आणखी चार माणसं होती. संध्याकाळपर्यंत वाडीभर होणार, हे त्याला दिसत होतं. असल्या माणसाने देवीला हात लावावा का, हेही उद्या कोणी विचारील. विचारू दे! पूजा गेली तरी चालेल, गंगाराम जाता कामा नये.

यशोदा तर भडकलीच. "देवीच्या दारात ह्या काय बोलतास? माझो घोव वेडो आसा?"

"मी वेडो दिसतंय?"

वाडीत याच्याहून शहाणा माणूस शोधायचा म्हणजे वेळ लागला असता.

तेवढ्यात गंगारामने मान वर केली. किती महिन्यांनी कोण जाणे, पण तो आपणहून बोलला.

"सत्या, सकाळच होव नये असा तुकाय वाटायचा?"

"रोज वाटायचा, रे. आता वाटणा नाय."

यशोदाने तोंडावर पदर धरला. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. ती रडली, देवीसमोर, सगळ्यांच्या देखत रडली. मग नाक पुसलं, नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि सत्यवानाला विचारलं, "भावजीनु, ती डॉक्टरीण किती वाजता बसता?"