आपल्या संघाचे मालक

डोंबिवलीत आमच्या इमारतीमागे एका कबड्डी मंडळाचं मैदान आहे. तीन बाजूंना इमारती, चौथ्या बाजूला मारुतीचं देऊळ आणि मधे मोकळी जागा. पूर्वी तिथे लाल माती होती, नंतर मॅट आली. माझा मोठा भाऊ या मंडळाच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायचा. समोरचा खेळाडू चढाईला आला की त्याचा घोटा पकडायचा आणि त्याला मध्यरेषेपर्यंत परत जाऊ द्यायचं नाही, हे कोपऱ्यातल्या माणसाचं काम. टाळ्या बहुतेक चढाई करणाऱ्याला पडतात. कोपऱ्यातल्याचं नाव सामना संपल्यावर घेतलं जातं, तेही संघ जिंकला असेल तर.

वडील स्वतः कधी खेळले नाहीत. कोकणातून नोकरीसाठी आले, मैदानासमोर भाड्याने राहिले आणि मंडळाचे झाले. वर्गणी गोळा करणं, मातीवर पाणी मारणं, फक्कीने रेषा आखणं ही कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली. सामना पनवेलला असला की सकाळी ते आईला सांगायचे, ‘‘आज आपण पनवेलला आहोत.’’ आईला पहिल्या वर्षी वाटलं होतं, तिलाही जायचं आहे. ती साडी नेसून तयार झाली होती. हा किस्सा आमच्या घरात पुष्कळदा सांगितला गेला आहे.

भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. पस्तिशी ओलांडल्यावर त्याचा गुडघा कुरकुरू लागला. एकदा जेवताना त्याने जाहीर केलं, ‘‘हे एक वर्ष खेळतो आणि थांबतो. शेवटची मॅच बाबांनी बघायला पाहिजे, बाकी काही नको.’’

‘‘मी कुठली मॅच बघितली नाही रे?’’ वडील म्हणाले.

त्याच वर्षी जिल्ह्यातल्या संघांची एक लीग ठरली. लीगमध्ये उतरायचं तर प्रत्येक संघाला एक मालक हवा होता. आमच्या मंडळाला माजिवड्याचा एक बिल्डर मिळाला. माणूस वाईट नव्हता. कबड्डी शाळेत खेळलो होतो, असं सांगायचा. त्याने मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना घरी बोलावून जेवण दिलं आणि संघाचे हक्क घेतले. नव्या जर्सीच्या छातीवर त्याच्या गृहप्रकल्पाचं नाव आलं. मंडळाचं नाव बाहीवर गेलं, बारीक अक्षरात.

‘मालक’ हा शब्द वडिलांना सुरुवातीला खटकला. ‘‘संघाला मालक कसा असेल? म्हैस आहे का ती?’’ असं ते देवळाच्या पायरीवर बसून म्हणाले. दोन-तीन आठवड्यांत मात्र तेही ‘आपले मालक’ म्हणू लागले. त्यात उपरोध नव्हता.

मालकाने पहिलं काम केलं ते हरयाणातून एक चढाईपटू आणण्याचं. तीन हंगामांचा करार झाला. आकडा कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळे प्रत्येकाकडे वेगळा होता. मंडळाचे जुने समर्थक, ज्यांतले काही घरभाडं परवडेना म्हणून दिव्याला राहायला गेले होते आणि तरीही संध्याकाळी पायरीवर यायचे, त्या दिवसांत दुसरं काही बोलत नव्हते.

‘‘एका पायाचे एवढे पैसे. दोन्ही पायांचे असतील तर मालकाला एक विंग विकावी लागेल.’’

‘‘रेड मारेल तो. पण समोरचा आला की धरणार कोण? मालक?’’

‘‘मालक धरेल ना. प्लॉट धरतो तसा.’’

वडील यावर हसले नाहीत. ‘‘अरे, असा खेळाडू आपल्याकडे कधी होता का?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

बहुतेक खर्च एकाच माणसावर झाल्याने बाकीचा संघ कमी पैशांत उभा करायचा होता. लीगच्या नियमाप्रमाणे अनुभवी खेळाडूचं मानधन नवख्यापेक्षा जास्त होतं. कॉलेजातली मुलं स्वस्तात मिळत होती. हा हिशेब पायरीवर बसणाऱ्या कुणालाही करता आला असता. तो केला गेला नाही, कारण आमच्या मंडळात खेळाडू ठेवायचा की नाही हे ठरवण्याची रीत वेगळी होती.

हंगामाच्या सुरुवातीला मारुतीसमोर अध्यक्ष एकेका खेळाडूच्या हातात नारळ द्यायचे. नारळ घेतला म्हणजे ते वर्ष तो खेळाडू या मंडळाचा. सही नाही, कागद नाही. दुसऱ्या मंडळाने कितीही गळ घातली तरी ‘नारळ घेतलाय’ एवढं उत्तर पुरायचं. बाकी सगळ्या महाराष्ट्रात नारळ देणं म्हणजे घरी पाठवणं. आमच्या मैदानापुरता त्याचा अर्थ नेमका उलटा होता आणि आम्हाला त्यात कधी विचित्र वाटलं नाही.

त्या वर्षी कार्यक्रम मैदानात झाला नाही. माजिवड्याच्या एका हॉलमध्ये मालकाने समारंभ ठेवला. स्टेज, मोठा पडदा, निवेदक. चढाईपटूला फुलांच्या पायघड्यांवरून आणलं गेलं. त्याआधी निवेदकाने माझ्या भावाला पुढे बोलावलं. मालकाने त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. वडील दुसऱ्या रांगेत होते. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागे सगळे पायरीवाले उठले. मी वडिलांशेजारी होते, मीही उठले.

बाहेर येताच वडिलांनी मंडळाच्या जुन्या अध्यक्षांना फोन केला. ‘‘पोराला नारळ मिळाला. पहिला मान.’’ घरी जाताना त्यांनी पेढे घेतले. दुसऱ्या दिवशी भावाने ते पेढे कारखान्यातही नेले. तिथे त्याने सहज सांगितलं, ‘‘मालकाने नारळ दिला.’’ मशीनवरच्या दोघा-तिघांचा पेढा हातातच राहिला. एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘जाऊ दे रे. पेढे कशाला वाटतोस?’’ भावाला हसू आलं. आमच्याकडची रीत त्याने त्यांना समजावून सांगितली.

संध्याकाळी तो बॅग घेऊन सरावाला गेला. प्रशिक्षकाने त्याला मॅटच्या बाहेर थांबवलं. हे संभाषण भावाने आम्हाला त्याच दिवशी जसंच्या तसं सांगितलं.

‘‘तू कसा काय आलास?’’

‘‘म्हणजे? नारळ घेतला ना काल.’’

‘‘अरे, तो सत्कार होता.’’

‘‘कशाबद्दल?’’

प्रशिक्षकाने मॅटवरच्या मुलांना धावायला पाठवलं. मग म्हणाला, ‘‘इतकी वर्षं खेळलास त्याबद्दल. मला वाटलं मालकांनी सांगितलंय. मालकांना वाटलं असणार मी सांगितलंय.’’

भाऊ मैदानावरून थेट घरी आला. आईने त्याच्याकडून बॅग घेतली. वडील खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘शाल होती. मंडळ शाल कधी देत नाही. मी शाल बघायला हवी होती.’’

मालकाकडे जाऊन बोला, असं आईने सुचवलं. वडील गेले नाहीत. संघ बांधणं हा मालकाचा प्रश्न आहे, आपण त्यात पडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. भावानेही आग्रह केला नाही.

हंगाम ठाण्यात एका बंदिस्त क्रीडागृहात सुरू झाला. वडील प्रत्येक सामन्याला गेले. छातीवर गृहप्रकल्पाचं नाव असलेली जर्सी समर्थकांना फुकट मिळाली होती, ती ते शर्टावरून घालायचे. भाऊ घरी मोबाइलवर सामने बघायचा. डाव्या कोपऱ्यात आता एक कॉलेजचा मुलगा होता. घाईने उडी मारायचा आणि हाती काही लागायचं नाही. चढाईपटू मात्र सांगितला होता तसाच निघाला. पहिले काही सामने त्याने जवळजवळ एकट्याने जिंकून दिले. पायरीवरचे विनोद बंद झाले.

माजिवड्यातल्या न विकल्या गेलेल्या एका फ्लॅटमध्ये मालकाने त्याची सोय केली होती. गादी, पंखा आणि बादली. त्याला इथलं बाहेरचं जेवण मानवत नाही, हे वडिलांच्या कानावर आलं. सामन्याच्या दिवशी ते आईकडून थालीपीठं आणि लोणी डब्यात भरून घेऊ लागले.

‘‘त्याला डबा, आणि ह्याला विचारलंत का कधी काय दुखतंय ते?’’ आई एकदा म्हणाली. डबा मात्र तिने भरला.

भावाचा त्या चढाईपटूवर राग नव्हता. ‘‘पोरगा चांगला आहे,’’ तो म्हणायचा. ‘‘उजवीकडे वळायचं असलं की आधी मान वळते त्याची. सांगा त्याला बाबा, कोणीतरी ओळखेल.’’ वडिलांनी ते प्रशिक्षकाला सांगितलं. प्रशिक्षकाने मान डोलावली. पुढे काही झालं नाही.

हंगामाच्या मध्यावर कल्याणच्या संघाचा कोपऱ्यातला खेळाडू जायबंदी झाला. कोणत्याही संघात नसलेला खेळाडू मधेच घ्यायला नियमाने परवानगी होती. त्यांनी भावाला विचारलं. त्याने दोन दिवसांची मुदत मागितली. मग वडिलांना म्हणाला, ‘‘कल्याणवाले बोलावतायत. जाऊ का?’’

‘‘जा की. खेळायचंय ना तुला?’’

‘‘तुम्हाला चालेल?’’

‘‘मला काय? मी आपल्याच बाजूला बसणार.’’

भावाला वाटलं वडील चेष्टा करतायत. मलाही तसंच वाटलं.

कल्याण आणि आमचा संघ समोरासमोर आले तेव्हा मी वडिलांबरोबर गेले. ते नेहमीच्या जागी, आमच्या संघाच्या बाकामागे, जर्सी घालून बसले. भाऊ समोरच्या अर्ध्यात होता. आमच्याच मंडळातून उचललेला म्हणून पायरीवाल्यांनी त्याला सुरुवातीपासून धारेवर धरलं. ‘‘ए कल्याण, जुना माल घेतलास, गॅरंटी आहे का?’’ एकाने वडिलांना कोपर मारलं. ‘‘काका, घरात शत्रू पाळलाय तुम्ही. जेवायला घालू नका आज.’’ वडील हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते मॅटकडे बघत होते.

शेवटच्या मिनिटात सामना बरोबरीत आला. आमच्या संघाच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या होत्या. अशा वेळी तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. अर्थातच महागडा खेळाडू गेला. तो डावीकडे झेपावल्यासारखा झाला आणि त्याची मान उजवीकडे वळली. भाऊ त्या बाजूला आधीच खाली वाकलेला होता. घोटा त्याच्या दोन्ही हातांत आला. बाकीचे वर पडले. शिट्टी झाली.

कल्याणच्या बाजूला जल्लोष झाला. आमच्या बाजूचे पायरीवाले खाली बसले. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते. ते तसेच राहिले.

आम्ही तिघे एकाच रिक्षाने परत निघालो. वडिलांनी वाटेत सामन्याची चिरफाड केली. आपण सुरुवातीला बोनस सोडले, आपला उजवा कोपरा पुढे येत होता, आपण टाइम-आउट उशिरा घेतला. भाऊ ‘हो’ म्हणत होता. त्याच्या कोपराचं सालटं निघालं होतं, त्यावर त्याने रुमाल धरला होता. आईने दार उघडून काय झालं विचारलं.

‘‘आपण हरलो,’’ वडील म्हणाले आणि आत गेले.

आईने भावाकडे पाहिलं. तो बूट काढत होता. ‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘एका गुणाने.’’

त्या पराभवानंतर आमचा संघ बाद फेरीत पोचला नाही. चढाईपटूच्या कराराचे दोन हंगाम बाकी होते. ते पुढे कुठल्या संघासाठी खेळायचे, हे मालकाने ठरवायचं होतं. मालक माजिवड्याहून सरावाला यायचा बंद झाला. फ्लॅट विकला गेल्यावर तो मुलगा एका लॉजमध्ये राहायला गेला, असं वडिलांनी सांगितलं. त्यांचा डबा तिथेही जात होता.

कल्याणचा संघही पुढे गेला नाही. त्यांचा एक सामना उरला होता, निकालाने कुणाचं काही बदलणार नव्हतं. भाऊ आदल्या दिवशी वडिलांजवळ येऊन बसला.

‘‘बाबा, उद्या शेवटची मॅच आहे. याल?’’

वडिलांनी पेपरमधून वर पाहिलं. ‘‘कुणाची?’’

‘‘आमची. कल्याणची.’’

‘‘उद्या आपला सामना नाही ना,’’ वडील म्हणाले. आवाजात कसलाही काटा नव्हता. एखाद्याने चुकीचा वार सांगितल्यावर आपण दुरुस्त करतो, तसं ते बोलले. भाऊ उठला आणि बॅग भरायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी गेले. क्रीडागृह अर्धंही भरलं नव्हतं. त्याने दोन पकडी केल्या, एक सुटली. शिट्टी झाल्यावर त्याने मॅटला हात लावून कपाळाला लावला, समोरच्या सातही जणांशी हात मिळवले आणि बाकावर येऊन बुटाच्या नाड्या सोडू लागला. मग तो मान वर करून प्रेक्षकांत पाहू लागला. मी हात केला. त्याने मला पाहिलं, मान हलवली आणि तरीही एकेक रांग बघत राहिला.